सक्तीची भाषा आणि खोटे आकाश

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो संगणकभाषा नांदत होत्या. एका प्रकल्पातील प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कामी येत नसे आणि देखभालीचा खर्च फुगत जाई. म्हणून १९७५ मध्ये एका समान भाषेचा शोध सुरू झाला. स्पर्धेत फ्रान्समधील जाँ इश्बिया यांच्या गटाची रचना निवडली गेली आणि तिला एडा लव्हलेसचे नाव मिळाले. लष्करी मानकाला १० डिसेंबर १९८० रोजी, म्हणजे एडाच्या जन्मदिनी, मान्यता मिळाली. त्याचा क्रमांक १८१५, तिचे जन्मवर्ष. दफ्तरातही रसिक असतात!

१९८७ च्या आदेशाने एडाची सक्ती झाली, आणि विमान-सिम्युलेटर बांधणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला.

वैमानिकाने दांडा ओढला की इंजिन, इंधन, पंख, तबकड्या या साऱ्यांचे गणित सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने मांडावे लागते. उत्तर अचूक असूनही उशिरा आले, तर ते चूकच. तोवर हे काम प्रामुख्याने फोरट्रानमध्ये चाले. सारी माहिती एका सामायिक साठ्यात असे; कोणताही भाग ती वाचे, कोणताही बदली. वेग उत्तम, पण मूळ विमानात एक सुधारणा झाली की सिम्युलेटरमध्ये कुठे काय बिघडेल याचा नेम नसे.

एडाचे भूषण म्हणजे एकाच वेळी चालणारी 'टास्क'. गंमत अशी की सिम्युलेटरवाल्यांना तेच नको होते. 'डिले' ही आज्ञा 'किमान इतका वेळ थांब' एवढेच सांगे. नेमक्या क्षणी जाग येईल, ही हमी नव्हती. त्यामुळे प्रत्येक भागाला ठरलेल्या पाळीने बोलावणारे जुनेच वेळापत्रक कायम राहिले.

खरा लाभ झाला तो एडाच्या 'पॅकेज'चा. हवाई दलाच्या कामासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग संस्थेने नवी घडण सुचवली: इंजिनाचे भाग परस्परांशी थेट बोलणार नाहीत, देवाणघेवाण नियंत्रकामार्फतच होईल. बी-२ आणि सी-१७ च्या सिम्युलेटरमध्ये ती वापरली गेली. बी-५२ च्या तुल्यबळ आकाराच्या जुन्या सिम्युलेटरच्या स्वीकृती-चाचणीत २०००–३००० दोष नोंदले गेले होते. नव्या घडणीच्या प्रकल्पात ६००–७००.

याचे सारे श्रेय सक्तीला देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण ही घडण इतर भाषांतही उतरवता आली असती. तरी फोरट्रानची जुनी सवय आदेशाविना कुणी मोडली असती, असेही दिसत नाही.

१९९७ मध्ये सक्ती उठली. घडण मात्र पुढे सॉफ्टवेअर-रचनेच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवली जाऊ लागली.