पॅलेस्टिनी कादंबरीतील हरवलेले घर

१९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादाराला मुकले. १९५० साली इस्रायलने कायदा करून या ‘गैरहजर’ लोकांची मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे सोपविली. जे देशातच राहिले, पण घर सोडून शेजारच्या गावी आश्रयाला गेले होते, अशांपैकीही कित्येक कायद्याने गैरहजर ठरले! इतिहासकाराचे काम येथवर चालते. घर गेल्यावर माणसाजवळ उरते काय, हे जाणण्यासाठी मात्र आम्हांला घस्सान कनफानींसारख्या कादंबरीकाराकडे जावे लागते.

कनफानींचा जन्म १९३६ चा, अक्का शहरातला. बाराव्या वर्षी ते निर्वासित झाले. ‘उन्हातील माणसे’ (१९६३) या त्यांच्या छोट्या कादंबरीत तीन निर्वासित पोटासाठी चोरून कुवेतला निघतात. पाण्याच्या रिकाम्या टाकीत ते लपलेले असताना ड्रायव्हर सीमेवरच्या चौकीत थट्टामस्करीत अडकतो, आणि तेवढ्यात तिघे गुदमरून मरतात. यांनी टाकीचा पत्रा का ठोठावला नाही, हा शेवटचा प्रश्न लेखकाने आपल्याच लोकांना विचारला आहे.

‘हैफाला परत’ (१९६९) आम्हांला अधिक मोलाची वाटते. १९६७ च्या युद्धानंतर वाट मोकळी झाली, तेव्हा सईद व सफिया वीस वर्षांनी आपले घर पाहायला जातात. फुलदाणीतली मोरपिसे सात होती, ती पाच उरलेली सईदच्या ध्यानात येते. गृहस्थाश्रमी माणूस आपले घर असेच ओळखतो! एप्रिल १९४८ च्या धांदलीत मागे राहिलेले त्यांचे तान्हे मूल आता इस्रायली सैनिक झाले आहे. त्याला वाढविणारी मिरियम पोलंडहून आलेली ज्यू. तिचे वडील ऑश्विट्झला गेले. मेलेले अरब मूल ट्रकमध्ये लाकडासारखे फेकलेले पाहून ती हादरली होती. सामान्य लेखकाने तिला दुष्ट रंगविले असते.

सईदला अखेर उमगते की, मायभूमी म्हणजे जुन्या सामानावरची धूळ नव्हे. ती पुढच्या काळात आहे. म्हणून धाकट्या मुलाने बंदूक घ्यावी असे त्याला वाटते. येथे आमचे मन अडखळते. कनफानी स्वतः एका सशस्त्र संघटनेचे प्रवक्ते होते; १९७२ साली बैरुतमध्ये मोटारीतील स्फोटात ते आपल्या तरुण भाचीसह मारले गेले.

एमिल हबीबींनी १९७४ च्या आपल्या कादंबरीत मागे राहिलेल्यांची कथा हसतहसत सांगितली. १९९६ साली ते वारले. आपण हैफातच राहिलो, एवढेच त्यांनी थडग्यावर कोरवून घेतले.