गाणाऱ्या व्हायोलिनचं कूळ

गीतरामायणाचं पहिलं गाणं 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. आठवड्याला एक याप्रमाणे पुढे एकूण 56 गाणी झाली. वर्षाचे आठवडे 52, पण त्या वर्षी अधिक महिना होता. कवी गदिमा आणि संगीतकार-गायक बाबूजी ही दोन नावं घरोघरी पोचली. ओळ संपवून बाबूजी श्वास घेतात, तेवढ्या फटीत तीच ओळ अलगद पुढे नेणारं व्हायोलिनही तितक्याच घरांत पोचलं, पण बिननावाचं. ते प्रभाकर जोगांचं होतं.

जोग आमच्याच नगर जिल्ह्यातले. जन्म हरेगावचा, 25 डिसेंबर 1932. आम्हा पाथर्डी तालुक्यातल्यांना हरेगाव ठाऊक असतं ते साखर कारखान्यामुळे, नाहीतर मतमाउलीच्या यात्रेमुळे. ज्या तालुक्यातून दरसाल हजारो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, त्याला कारखान्यांची गावं पाठ असायचीच. पण त्यातल्याच एका गावानं एवढा वादक दिला, हे इथे क्वचितच कुणी सांगतं.

वडील लवकर गेले. बाराव्या वर्षापासून हा मुलगा पुण्यातल्या वाड्यांमधून व्हायोलिन वाजवू लागला. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. शिक्षण नारायणराव मारुलकरांकडे आणि गजाननराव जोशींकडे झालं. यातलं दुसरं नाव महत्त्वाचं. गजाननराव स्वतः पट्टीचे गवई. त्यांच्या व्हायोलिनला तंतवाद्यापेक्षा गळ्याचं वळण अधिक, ज्याला गायकी अंग म्हणतात. गाणाऱ्या व्हायोलिनचं एक मूळ इथे आहे.

हे वळण हातात येतं ते बैठकीमुळेही. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीशी टेकवतो आणि दुसरं पायाच्या घोट्यावर. वाद्य पेलायचं काम डाव्या हाताकडे राहत नाही. मग बोट तारेवरून हवं तसं घसरू शकतं आणि मींड निघते. तारेखाली पडदे नसतात, त्यामुळे षड्जापासून गंधारापर्यंतची सगळी वाट ऐकू येते. उजव्या हातातला गज म्हणजे वादकाचा श्वास. एक अक्षर लांबलं तर ते एका गजात घ्यायचं, नवं अक्षर आलं की गजाची दिशा बदलायची. शब्द माहीत असलेल्या श्रोत्याला वाद्यातून शब्द ‘ऐकू’ येतात ते या हिशेबामुळे. जोगांनी हा हिशेब इतका नेमका सांभाळला की मला ती कारागिरीच वाटते, निव्वळ गोडवा नव्हे.

दुसरं मूळ गोव्याचं. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज (स्वरांची नावं गात वाचणं), व्हायोलिन आणि पाच रेषांचं स्वरलेखन शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि पुढे फिल्मी स्टुडिओत आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. संगीतकार चाल गुणगुणायचा. तिला वाद्यांचे कपडे चढवायचा तो अरेंजर. तेव्हा गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होई. एकाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून टेक. कागद पाहताक्षणी वाजवणारा माणूस तिथे सोन्याचा.

रेडिओनंही नकळत हातभार लावला असावा. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. तिचे ठरावीक सूर मींड घेऊ शकत नाहीत, हा एक मोठा आक्षेप. ही बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडलं. मधल्या तीस वर्षांत साथीची जी जागा रिकामी होती, तिथे सारंगी आणि व्हायोलिनला वाव मिळाला.

वादकाचं नाव न लागण्याचा रिवाज काही आपल्यापुरता नव्हता. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची सोल गाणी जगभर गाजली. त्यांतल्या बहुतेकांमागे ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखली जाणारी तीच ती वादकमंडळी होती, पण तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं पहिल्यांदा आली ती 1971 मध्ये, मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. आपल्याकडे त्यापेक्षा मजेशीर प्रकार घडला. ‘अमर अकबर अँथनी’त (1977) संगीतकार प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं अख्खं नाव नायकाच्या तोंडी घातलं. देश ते नाव नाचत म्हणू लागला, आणि अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

जोगांनी हिंदी-मराठी दोन्हीकडे वाजवलं, चालीही दिल्या. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ आणि ‘स्वर आले दुरुनी’ त्यांच्याच. पण त्यांचं खरं धाडस पुढचं. त्यांनी गाण्यातून गायकच काढून टाकला. ‘गाणारं व्हायोलिन’ या कार्यक्रमात श्रोत्यांना पाठ असलेली गाणी ते एकट्या गजावर वाजवत. दोन ओळींमधल्या फटीत उभा असलेला माणूस ओळीवरच येऊन बसला. त्यातही नावाचा घोळ होताच: अनेकजण त्यांना वि. गो. जोग समजत. वि. गो. वाईचे, बिस्मिल्ला खाँसाहेबांशी जुगलबंदी करणारे, शास्त्रीय मैफलीचे. प्रभाकर जोग 31 ऑक्टोबर 2021 ला गेले.

आता लग्नाच्या मांडवात ऑर्केस्ट्रा असला तर व्हायोलिनचं काम बहुधा की-बोर्डच करतो. त्यात ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा आवाज असतो. बटण दाबलं की वीसेक गज एकदम उठल्यासारखे वाटतात. वाद्यवृंदाचा हा गोव्याकडचा वारसा. मींड लागली की मात्र वादक डाव्या हातानं पिच-बेंडचं चाक ढकलतो. सूर वर चढतो, पण गळा जिथे थांबला असता त्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे.