मिटता चाकू व त्याचा सांधा

हस्तलिखितांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या कांहीं तरुण स्नेह्यांनीं अलीकडे आम्हांस एक साधा प्रश्न विचारिला. गाठोड्याची सुतळी कापणें, पेन्सिल तासणें, बोरू तोडणें, वाटेंत एखादें फळ चिरणें, अशा नित्याच्या कामांकरितां खिशांत बाळगण्याजोगा, अल्प मोलाचा मिटता चाकू कोणता घ्यावा, असा तो प्रश्न होता. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु उत्तर देण्यास बसल्यावर आमच्या असें ध्यानांत आलें कीं, तरवार, कट्यार, बिचवा यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें असतां, ज्या चिमुकल्या हत्यारानें आपल्या दप्तरांतील असंख्य कागदांच्या लेखण्या घडविल्या त्याची विचारपूस फारशी झालेली नाहीं. शिवाय या चाकूच्या निवडींत आमच्या हातून पूर्वीं एक प्रमाद घडला असून त्याचें फळ एका पोथीस भोगावें लागलें आहे. तो प्रसंग यथास्थळीं सांगूं. आधीं वस्तूचा इतिहास पाहूं; कारण निवडीची कसोटी त्या इतिहासांतूनच निघते.

प्रथम नांवांचा विचार. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गांत शस्त्री, असिपुत्री, छुरिका व असिधेनुका अशीं चार नांवें एकत्र दिलीं आहेत. असिपुत्री म्हणजे तरवारीची कन्या. या नांवावरूनच ही सुरी युद्धोपकरणांच्या कुळांत गणली जात होती हें उघड होतें. आमची 'सुरी' ही या छुरिकेचीच वंशज होय. 'चाकू' हा शब्द मात्र फारशींतून आलेला पाहुणा आहे. त्याच भाषेंत लेखणी तासण्याच्या चाकूस 'कलमतराश' असें स्वतंत्र नांव आहे. एकंदरींत असिपुत्रीचें घराणें रणांगणांतलें, तर कलमतराशाचें कचेरींतलें. प्रस्तुत लेखाचा संबंध या दुसऱ्या घराण्याशीं आहे.

श्रीसमर्थांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. त्यांत निरनिराळ्या प्रांतांतील बोरू जमविण्याच्या सूचनेपाठोपाठ 'टांकतोडणी' हा शब्द येतो. टांक म्हणजे लेखणी. तिचें टोक तोडणें हें लेखकाच्या विद्येचें एक अंगच होतें. बोरू तिरपा तासावयाचा, त्याची जीभ बारीक करावयाची, मध्यें चीर पाडावयाची आणि शेवटीं एका दाबासरशीं टोक छाटावयाचें, या चारहि क्रियांस धार तीक्ष्ण व पातें स्थिर असलें पाहिजे. पातें किंचितहि डळमळलें तर छेद वांकडा होतो आणि अक्षराची जाडी बिघडते. बोरू लिहितां लिहितां झिजतो, म्हणून ही क्रिया पुनःपुन्हां करावी लागते. अर्थात् चाकू नित्य जवळ हवा. युरोपांत बोरूच्या ठिकाणीं पक्ष्याचें पीस होतें; इंग्रजींतील 'पेननाइफ' हें नांव तें पीस तासण्यावरूनच पडलें. एकोणिसाव्या शतकांत पोलादी टाकांचा प्रसार झाल्यावर तें काम संपलें, पण नांव टिकलें.

नित्य जवळ बाळगावयाची धार उघडी ठेवून चालत नाहीं. ती म्यानांत घातली पाहिजे किंवा मुठींत मिटली पाहिजे. म्यान कमरेस शोभतें, खिशांत मावत नाहीं. म्हणून मूठ हेंच म्यान करावयाचें. आणि तसें करतांच पातें व मूठ यांमध्यें एक सांधा उत्पन्न होतो. आमचें मत असें कीं, मिटत्या चाकूचा खरा इतिहास हा पात्याचा नसून या सांध्याचा आहे.

ऑस्ट्रियांतील हालश्टाट येथें प्राचीन मिठाच्या खाणींच्या परिसरांत सांपडलेला, ख्रिस्तपूर्व सुमारें सहाव्या शतकांतील एक मिटता चाकू आजवर ज्ञात असलेल्या अत्यंत जुन्या नमुन्यांपैकीं मानला जातो. रोमन साम्राज्यांत हाडाच्या, हस्तिदंताच्या व काशाच्या कोरीव मुठींचे असे चाकू प्रचारांत होते. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयांत इसवी तिसऱ्या शतकांतलें एक रुप्याचें रोमन उपकरण आहे; त्यांत लोखंडी पात्याबरोबर चमचा, काटा व इतर लहान साधनें एकाच मुठींत बसविलीं आहेत. कारागिरी उत्तम, परंतु साध्या रोमन चाकूचा सांधा म्हणजे केवळ एक खीळ. उघडलेलें पातें उघडें राखण्याची योजना त्यांत नव्हती.

ती योजना इंग्लंडांतील शेफील्डच्या कारागिरांनीं रुळविली. या गांवाच्या सुऱ्यांची कीर्ति चौदाव्या शतकांतच चॉसर कवीच्या काव्यांत येण्याइतकी झाली होती, आणि १६२४ सालीं तेथील चाकू करणारांचा संघ पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुठीच्या पाठींत पोलादाची कमान बसवून तिच्या दाबानें पातें उघड्या व मिटलेल्या अशा दोन्ही स्थितींत धरून ठेवण्याची पद्धति रूढ होत गेली. पुढें १७४० च्या दशकांत बेंजामिन हंट्समन यानें मुशींत पोलाद वितळवून तें एकजीव करण्याची रीत काढली आणि उत्तम पातें व उत्तम कमान यांस लागणारा माल मिळूं लागला. तथापि एक गोष्ट विसरूं नये. कमान पात्यास धरते, अडकवीत नाहीं. उलट बाजूनें जोर आला कीं तें बोटांवर मिटतें.

यानंतरचें महत्त्वाचें दशक म्हणजे १८९० चें. या एका दशकांत एकमेकांपासून दूर असलेल्या तीन ठिकाणीं स्वस्त मिटत्या चाकूचे तीन नमुने सिद्ध झाले आणि तीनहि आजतागाईत विकले जात आहेत. पहिला फ्रान्सच्या सावोय प्रांतांतला. तेथें १८९० सालीं जोसेफ ओपिनेल या लोहारपुत्रानें लांकडाची गोल मूठ, पातें, खीळ व मुठीच्या तोंडाशीं धातूचें बांधकडें, एवढ्या चार तुकड्यांचा चाकू केला. त्यांत कमान नाहीं. लांकडाच्या घर्षणानेंच पातें जागीं राहतें. १८९७ पासून तो लहानमोठ्या बारा क्रमांकांत होऊं लागला. १९५५ सालीं त्या कुळांतील मार्सेल ओपिनेल यानें बांधकड्यावर फिरतें कडें बसविलें. तें फिरविलें कीं पात्याची वाट अडते आणि चाकू मिटूं शकत नाहीं. एका कड्यानें दोन सहस्र वर्षांची उणीव भरून निघाली, तीहि किंमत फारशी न वाढवितां.

दुसरा नमुना स्वित्झर्लंडचा. ईबाख येथील कार्ल एल्सेनर यानें १८९१ सालीं स्विस सैन्यास शिपायांचे चाकू पुरविण्यास आरंभ केला आणि १२ जून १८९७ रोजीं अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंद केली. त्याचें कौशल्य पुन्हां सांध्यांतच होतें; दोनच कमानींवर त्यानें सहा साधनें तोलून धरलीं. तिसरा नमुना जपानांतील मिकी गांवचा 'हिगोनोकामी'. दुमडलेल्या पत्र्याची मूठ व पात्यास जोडलेली एक शेपटी, एवढाच त्याचा संसार; ती शेपटी अंगठ्यानें दाबून धरावयाची. हा इतका स्वस्त होता कीं जपानी शाळकरी मुलें पेन्सिली तासण्यास तोच वापरीत. पुढें १९६० नंतर मुलांच्या हातीं चाकू नसावा अशी चळवळ होऊन त्याचा खप ओसरला.

या तिन्ही नमुन्यांवरून एक सिद्धान्त निघतो. भाग थोडे, नमुना एक व सांधा विचारपूर्वक केलेला, या तीन कारणांनीं हे चाकू स्वस्त असूनहि चांगले ठरले. अलंकार, कोरीव काम वा पात्याची लकाकी यांचा त्यांत संबंध नाहीं.

आपल्याकडील प्रसिद्ध मिटता चाकू म्हणजे रामपूर संस्थानच्या कारागिरांचा रामपुरी. त्याचें पातें बहुधा नऊ इंच वा त्याहून लांब, आणि त्यास खटका असतो. म्हणजे सांध्याच्या दृष्टीनें तो कमी प्रतीचा नव्हे. परंतु लांबीमुळें आणि पुढें हिंदी चित्रपटांमुळें तो शस्त्रांच्या पंक्तींत जाऊन बसला. २०२३ सालीं रामपुरांत त्याची प्रचंड प्रतिकृति चौकांत उभारण्यांत आली. असिपुत्रीस स्मारक मिळालें. कलमतराश अद्यापि अज्ञातवासांत आहे. येथें कायद्याचाहि उल्लेख अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले असून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाचे त्यांतून वगळले आहेत. तसेंच महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या ३७ व्या कलमान्वयें बंदीहुकूम जारी असतां लहान चाकूहि अंगावर बाळगणें अडचणीचें होऊं शकतें. विमानांत तर तो हातच्या पिशवींत नेतांच येत नाहीं.

आतां घेणाऱ्यानें परीक्षा कशी करावी तें सांगतों. प्रथम सांधा पाहावा. चाकू पूर्ण उघडून पात्याची अणी चिमटींत धरावी व डावीउजवीकडे हलवून पाहावी. डळमळ जाणवल्यास चाकू तेथेंच परत द्यावा. मिटल्यावर पातें मुठीच्या दोन बाजूंच्या बरोबर मध्यें बसलें पाहिजे. खटका वा कडें असल्यास तें लावून, बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून, पात्याची पाठ लांकडावर हळूच दाबावी. मिटण्याची प्रवृत्ति दिसल्यास तो खटका नांवाचाच समजावा. दुसरी परीक्षा पोलादाची. सुमारें नऊ दशांश टक्के कार्बनाचें साधें पोलाद निसण्यावर लवकर धार घेतें, परंतु तें गंजतें. कोंकणांत पावसाळ्यांत एका रात्रींत त्यावर तांबेरा चढतो. तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलें पोलाद गंजास दाद देत नाहीं. देशावर राहणाऱ्यानें पहिलें घ्यावें, पुसून तेलाचा हात फिरवीत जावा. समुद्रकांठच्यानें दुसरें घ्यावें. तिसरी परीक्षा लांबीची. अडीच ते तीन-सव्वातीन इंचांचें पातें नित्याच्या कामास पुरेसें होतें. चौथी गोष्ट मोलाची. एकाच मुठींत वीस साधनें देणारा स्वस्त चाकू टाळावा; त्यांत मोल वीस ठिकाणीं वांटलेलें असतें. एक पातें व एक सांधा यांवरच सर्व मोल खर्ची पडलेला चाकू घ्यावा. शेवटीं, त्याबरोबर एक निसणा अवश्य घ्यावा. पातें निसण्याशीं सुमारें वीस अंशांच्या कोनांत धरून दोन्ही बाजूंनीं सारखें फिरवावें. धार लावतां न येणाऱ्यास कोणताहि चाकू महागच पडतो.

आतां आमचा प्रमाद. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका आठवड्याच्या बाजारांत आम्ही एक चाकू पात्याची चमक पाहून घेतला. सांधा पाहिला नाहीं. पुढें एका घरीं एक पोथी पाहण्यास मिळाली. ओल लागून तिचीं अखेरचीं दोन पानें चिकटलीं होतीं व पुष्पिका आंत होती. ती वाचण्याच्या उतावळेपणानें आम्ही तो चाकू पानांमध्यें घातला. पातें सांध्यांत कललें, अणी खालच्या पानांत शिरली आणि शकाच्या चार अंकांपैकीं तिसरा अंक भुग्यासह बाहेर आला. संवत्सराचें नांव लेखकानें दिलें नव्हतें. तिथि व वार यांवरून आम्हीं गणित केलें, तों दहांपैकीं दोन वर्षें जुळतात. एका लेखकानें अडीचतीनशें वर्षें जपून ठेविलेला निर्णय आम्हीं एका क्षणांत संशयांत लोटला. घरच्या वृद्ध बाईंनीं कांहीं बोलून दाखविलें नाहीं. त्यांनीं पोथी गुंडाळून देव्हाऱ्यांत ठेविली.

दोष चाकूच्या सांध्याचा होता असें म्हणून आम्हीं कांहीं काळ आपलें समाधान करून घेतलें. तें खरें नव्हे. उत्तम सांध्याचा चाकूहि तेथें चालविणें अनुचितच होतें. चिकटलेलीं पानें सोडविणें हें धारेचें काम नव्हे; तें हस्तलिखित-संरक्षणाच्या जाणत्यांकडे सोंपवावें, आणि ते येईपर्यंत पुष्पिका न वाचतां राहण्याचा संयम आपण शिकावा.

संग्राहकांस एक विनंति आहे. जुन्या कलमदानांत गंजलेला चाकू आढळल्यास तो भंगारांत टाकूं नये व घांसून चकचकीतहि करूं नये. तो कोणत्या दप्तराबरोबर सांपडला, पातें किती लांब आहे, सांध्यांत नुसती खीळ आहे कीं कमान, एवढें टिपून ठेवावें. असे पन्नास टिपणांचे कागद जमले तरी आपल्याकडे कमानीचा चाकू केव्हां व कोणत्या कचेऱ्यांत आला, याविषयीं कांहीं निश्चित बोलतां येईल.

आमच्याजवळ सांप्रत सावोयचा आठव्या क्रमांकाचा चाकू आहे. साडेआठ सेंटिमीटरांचें साध्या पोलादाचें पातें, बीच लांकडाची मूठ व फिरतें कडें. पावसाळ्यांत मूठ फुगून पातें निघण्यास अडतें, एवढीच त्याची तक्रार. बोरू तो उत्तम तोडतो. गाठोड्याची सुतळी कापली कीं आम्ही तो मिटवितों, कडें फिरवितों आणि पोथीचा रुमाल सोडण्यापूर्वीं खोलीबाहेर ठेवून येतों.