जाम बोल्टाचा इतिहास: नीरेचं पाणी, चोपण रानं आणि मोटारसायकलचा चिमटा

बारामती-इंदापूरचा इतिहास म्हटलं की आपल्याला इंदापूरची मालोजीराजांची गढी आठवते, कऱ्हेकाठचे मोरोपंत आठवतात, नाहीतर सहकार आणि राजकारण. त्यावर या भागात पुष्कळ बोलून झालंय. आज आम्ही एका बोल्टाबद्दल बोलणार आहोत. मोटारसायकलच्या मागच्या चिमट्याच्या, जाम झालेल्या बोल्टाबद्दल. यात इतिहास कसला, असं वाटणं साहजिक आहे. पण हा बोल्ट का जाम होतो आणि तो कसा निघतो, हे नीट पाहिलं तर या दोन तालुक्यांची गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट त्यातून दिसते.

आधी बोल्ट कोणता ते सांगतो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी भाग असतो, त्याला कंपनीच्या पुस्तकात स्विंग आर्म म्हणतात आणि गॅरेजमध्ये चिमटा. खड्डा आला की चिमटा वर-खाली होतो, शॉकअप दाबला जातो. हा चिमटा फ्रेमला एकाच आडव्या लांब बोल्टाने जोडलेला असतो. वीतभर लांब, करंगळीएवढा जाड. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत तो रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून आरपार जातो. रबर लवचिक असल्यामुळे हालचाल रबरात होते. बोल्ट आणि नळी एकमेकांना घट्ट दाबून एका जागी बसलेले असतात. म्हणजे बघा, बोल्ट हलत नाही, आवाज करत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षं तो कुणी काढत नाही. या बुशला नावच आहे सायलेंट बुश.

नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तिच्यात पाणी शिरतं, गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं. फटीला तर बाहेर पसरायला जागा नाही. मग तो गंज आतल्या आत पाचर ठोकल्यासारखा बोल्टाला आवळतो. गंजायला पाणी आणि हवा पुरते. पण त्या पाण्यात क्षार असले की काम फार लवकर होतं. आणि क्षार म्हटले की आपल्याला नीरेच्या कॅनॉलवर जावं लागतं.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनला मोडून गेला. त्यानंतरच्या वर्षांत नीरा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये त्याला पाणी सुटलं आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो खाली आला. वर भाटघरचं धरण बांधलं गेलं. ज्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी आणि आभाळाकडे डोळे, एवढंच होतं, तिथे ऊस उभा राहिला. आता काळ्या, खोल जमिनीला बारमाही पाणी मिळालं, पण त्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नव्हती. खालची पाण्याची पातळी वर आली. वर येताना तिने जमिनीतले क्षार सोबत आणले. पाणी उन्हाने उडून गेलं, क्षार वर राहिले. रानं पांढरी पडली. आपल्याकडे त्याला चोपण म्हणतात, खारवट म्हणतात, आता सरकारी भाषेत क्षारपड.

हे लक्षात यायला पन्नास वर्षं लागली नाहीत, पंचवीस पुरली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला तो १९१० साली. त्याच्या थोडं आधी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली होती, म्हणजे पाणी मोजून, ठरलेल्या क्षेत्राला, ठरलेल्या पिकाला द्यायचं. दुखणं माहीत होतं, औषधही माहीत होतं. पाणी बेताने द्या, आणि चर काढून जादा पाण्याला वाट द्या. पण चर काढणं हे कंटाळवाणं काम. पाणी आणणाऱ्याचा सत्कार होतो, चर काढणाऱ्याचा होत नाही.

आता या रानात गाडी कधी आली? १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. पुढे तिथे साखर कारखान्यांची अवजड यंत्रं बनू लागली, आणि आज इस्रोच्या अग्निबाणांचे मोठे भागही बनतात. १९५० नंतरच्या काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर हे सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि इंदापूरच्या दुसऱ्या अंगाला भीमेचं पाणी तुंबलं. उसाचा पैसा हातात आला, पाठोपाठ दुधाचा आला, आणि दुचाकी ही चैन न राहता शेतीचं अवजार झाली.

आधी बुलेट आणि राजदूत. १९७२ मध्ये लुना आली, त्याच वर्षी बजाजची चेतक आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि वाडीवस्तीवर मोटारसायकल पोचली. या गाड्यांनी काय काय वाहिलं? दुधाच्या किटल्या, वाढ्याच्या पेंढ्या, पाण्याची मोटर, खताची पोती. पोटॅशचं खत म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, तेही एक मीठच. ते पोतं मागच्या सीटवर, बरोबर चिमट्याच्या वर. खाली पाटाच्या पाण्याचा चिखल. संध्याकाळी गाडी त्याच मोटरच्या पाण्याने धुवायची. कंपनीने बोल्ट तयार करताना हा हिशेब धरला असेल असं आम्हाला वाटत नाही.

चेतकची गोष्ट थोडी वेगळी आणि या गावाला जास्त जवळची. चेतक ही मुळात इटलीच्या व्हेस्पाच्या घराण्यातली. व्हेस्पा १९४६ ची. तिच्या मालक कंपनीच्या, पियाजिओच्या परवान्याने बजाजने आकुर्डीला ती बनवली, आणि परवाना संपल्यावर स्वतःच्या नावाने चेतक काढली. या स्कूटरला वेगळा चिमटा नाही. मागचं चाक धरून अख्खं इंजिनच एका लांब बोल्टावर वर-खाली होतं. तो बोल्ट जाम झाला की इंजिन उतरतच नाही. जगभर व्हेस्पाचे जुने मालक या बोल्टाच्या नावाने कपाळाला हात लावतात. आणि आज तीच पियाजिओ बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी आणि २०१२ पासून व्हेस्पाही बनवते. म्हणजे तो बोल्ट जगभर फिरून आपल्याच दारात आला.

आता तो काढायचा कसा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मिस्त्री, गाडी मागनं लई हलतीय. बुश बदलून द्या, तासाभरात जायचंय.” मिस्त्री बोल्टाकडे बघतो आणि म्हणतो, “दादा, आज गाडी ठेवून जा. मुरू द्या.” या ‘मुरू द्या’मध्ये अर्धी विद्या आहे.

पहिलं काम, दोन्ही टोकांनी तेल सोडायचं. रॉकेल, डिझेल, नाहीतर डब्यातला स्प्रे. डब्ल्यूडी-फोर्टी हा प्रसिद्ध स्प्रे १९५३ मध्ये अमेरिकेत निघाला तो क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. नावातच पाणी हटवणं आहे. जाम नट सोडवायला लोकांनी तो नंतर वापरला. तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. रात्रभर, कधी दोन दिवस.

दुसरं, नट पूर्ण काढायचा नाही. तो बोल्टाच्या टोकाशी समपातळीत ठेवायचा, म्हणजे हातोडा बसला तरी आटे वाचतात. तिसरं, आधी ठोकायचं नाही, आधी फिरवायचं. बोल्टाच्या डोक्याला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. गंजाचा थर पिळण्याने तुटतो. नुसतं ठोकलं तर काय होतं? रबरी बुश घाव खातो, हातोडा उसळतो, आणि बोल्टाचं टोक भाकरीसारखं पसरतं. मग तो कुठूनच निघत नाही. म्हणून समोरच्या बाजूने फ्रेमला जड आधार द्यायचा आणि पितळी दांडा ठेवून घाव घालायचा.

चौथं, आच. चौदा मिलिमीटरच्या नळीचं तापमान दीडशे अंशांनी वाढवलं तर तिचं भोक साधारण अडीच शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. अट एकच, नळी तापली पाहिजे आणि बोल्ट तुलनेने थंड राहिला पाहिजे. आच लावण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवायची, मुरवलेलं तेल पुसून काढायचं आणि शॉकअप सोडून लांब ठेवायचे. बंद शॉकअप तापला तर फुटतो, आणि यात माणसाचा जीव जाऊ शकतो. रबर जळणारच, तेव्हा नवा बुश आधी आणून ठेवायचा.

एवढं करूनही नाही निघाला, तर शेवटचा उपाय हॅकसॉ. फ्रेम आणि चिमटा यांच्या मधल्या फटीत पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापायचा, चिमटा मोकळा करायचा, आणि अडकलेला तुकडा लेथवाल्याकडे प्रेसखाली काढून घ्यायचा. बोल्ट गेला, पण फ्रेम वाचली. रागाने घण घालणाऱ्याची फ्रेमच तडकते.

हे आचेचं काम साखर कारखान्यात फार मोठ्या मापात चालतं. उसाच्या घाण्याचा ओतीव रोलर तापवून शाफ्टवर चढवतात, थंड झाला की तो आवळून बसतो. उतरवायचा तर पुन्हा तापवतात. तत्त्व एकच. पण कारखान्याची दुसरी सवय आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गाळप संपलं की दरवर्षी घाणा खोलतात. चालू होता, बरा होता, तरी खोलतात. साफ करून, वंगण देऊन पुन्हा बसवतात.

आपल्या आजोबांची बैलगाडीही अशीच होती. वंगणाचं भांडं गाडीबरोबरच असायचं, कारण आस कोरडा पडला की चाक कुरकुरायचं आणि अख्ख्या गावाला कळायचं. सायलेंट बुश कुरकुरत नाही. चोपण होणारं रानही पहिली काही वर्षं कुरकुरत नाही, उलट चांगलं पिकतं. दोन्हीकडे नुकसान आत, न दिसता होतं, आणि दिसतं तेव्हा उपाय महाग झालेला असतो. एका बाजूला शंभर-दोनशे रुपयांच्या बुशसाठी दोन दिवसांची मजुरी जाते, किटल्या लावलेली गाडी वळणावर मागून डोलते आणि माणूस पडतो. दुसऱ्या बाजूला एकरच्या एकर रान जातं.

म्हणून आम्ही म्हणतो, जाम बोल्ट सोडवणारा मिस्त्री हुशार खराच, त्याची विद्या लिहून ठेवली पाहिजे. पण बोल्ट जाम होऊ न देणारं काम त्याहून मोठं आहे आणि त्याची नोंद कुठल्याच इतिहासात होत नाही. ऊस गेला की, पावसाळ्याच्या आधी, एक दिवस काढा. चिमट्याचा बोल्ट बाहेर ओढा, पॉलिश पेपरने पुसा, ग्रीस लावा, परत घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्याच दिवशी बांधावरून एक चक्कर मारून चर बुजलाय का तेही बघा.