प्रवाळ आणि त्याचा वैरी

मावळातलं औंढे लोणावळ्याजवळचं. तिथून समुद्र दिसायचा नाही. पण भातखाचरात कीड आणि बेडूक यांचा जो हिशेब चालतो, तसाच एक समुद्रतळाशी प्रवाळावर चालतो.

रम्फियसच्या १७०५ साली निघालेल्या ग्रंथात काटेरी तारामाशाचं वर्णन आहे. हा प्राणी आपलं जठरच तोंडाबाहेर काढून जिवंत प्रवाळावर पसरतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवतो. काय ही जेवणाची तऱ्हा! संख्या थोडी असते तोवर बिघडत नाही. तो बहुधा भराभर वाढणारी प्रवाळं खातो, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्यांना जागा मिळते. पण १९६२ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन आयलंडवर त्यांची टोळधाडच आली. पुढे १९७९, १९९३ आणि २०१० च्या सुमारासही आली.

का? एक मादी हंगामात कोट्यवधी अंडी घालते. पुराबरोबर शेतातली खतं समुद्रात गेली की सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पिलांची चंगळ होते. दुसरं मत असं की ट्रायटन हा मोठा शंखप्राणी तारामासा खातो, तो माणसानं हौसेपायी वेचून नेला. आपल्याकडे बेडकांच्या तंगड्या अशाच परदेशी जात; १९८७ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. तरी मला खतांचं कारण अधिक पटतं.

प्रवाळ संपलं की तारामासेही उपाशी मरतात. प्रवाळाला सावरायला मात्र दहा-पंधरा वर्षं लागतात, तोवर पुढची धाड येऊन ठेपते. म्हणून ऑस्ट्रेलियात आता पाणबुडे एकेका तारामाशाला पित्तक्षाराची सुई टोचत फिरतात.