दलालांच्या वहीतली प्रतवारी

एखादा गुण थेट मोजता येत नसेल तर आपण त्याच्याशी निगडित अशी दुसरी राशी मोजतो. पाऱ्याच्या स्तंभाची लांबी पाहून तापमान सांगतो, ते असेच. पण निवडलेली राशी त्या गुणाबरोबरच बदलते का, हे पुन:पुन्हा तपासावे लागते. ही तपासणी थांबली की काय होते, याचे एक उदाहरण फ्रान्समधील बोर्दो भागातील वाइनच्या इतिहासात सापडते.

१८५५ मध्ये पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेव्हा फ्रान्सवर सम्राट तिसऱ्या नेपोलियनची सत्ता होती. प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तेथील दलालांच्या संघाकडे उत्तम वाइनची यादी मागितली. कोणत्या मळ्याची वाइन कोणत्या साली काय भावाने विकली गेली, हे दलालांना नेमके ठाऊक असे. १८ एप्रिल १८५५ रोजी त्यांनी यादी दिली. त्यासाठी त्यांनी नव्याने चव घेतली नाही. आधार घेतला तो अनेक वर्षांच्या भावांचा. तांबड्या वाइनचे त्यांनी पाच वर्ग केले. पहिल्या वर्गात चारच मळे आले : लाफित, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर (आपल्या लातूरशी याचा संबंध नाही!).

भाव हे माप अगदी चुकीचे नव्हते. अनेक ग्राहकांचा अनेक वर्षांचा अनुभव त्यात साठलेला असतो. अडचण पुढे आली. एका प्रदर्शनासाठी केलेली ही यादी जवळजवळ कायमची झाली. मळे विकले गेले, जमिनी वाढल्या, घटल्या. वर्ग मात्र मळ्याच्या नावाला चिकटून राहिला. वरच्या वर्गात जाण्याचा मान एकाच मळ्याला मिळाला. १९७३ मध्ये मूटाँ रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला. एकेकाळी भावावरून वर्ग ठरला होता. आता वर्गावरून भाव ठरू लागला!

खरेदीची रीतही पाहण्याजोगी आहे. द्राक्षे शरद ऋतूत तोडली जातात. पुढच्या वसंतात, वाइन अजून लाकडी पिंपांत असतानाच, तिचे नमुने चाखून भाव जाहीर होतात. ग्राहक तेव्हाच पैसे मोजतो. बाटल्या हाती येतात दीड-दोन वर्षांनी. म्हणजे तो खरे तर एक भाकीतच विकत घेत असतो.

हे भाकीत रसायनशास्त्रावर अवलंबून आहे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन ही तुरट द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. वर्षे जातात तशी ती एकमेकांशी आणि सालीतील रंगद्रव्यांशी जोडली जातात. तुरटपणा निवळतो, जांभळट रंग विटकरी होतो, तळाशी गाळ बसतो. लुई पाश्चर यांनी काचेच्या बंद नळ्यांत वाइन ठेवून या बदलांतील ऑक्सिजनचे महत्त्व दाखवले. त्यांचा वाइनवरील ग्रंथ १८६६ चा. ऑक्सिजन फार मिळाला तर वाइन बिघडते. उष्णतेने सर्वच क्रियांचा वेग वाढतो. म्हणून तळघरात सुमारे १२-१३ अंश सेल्सिअस तापमान राखतात. मात्र जुनी ती चांगली हा समज सरसकट खरा नाही. बहुतेक वाइन काही वर्षांतच संपवायच्या असतात.

मग भाकीत करायचे कसे? प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी हवामानाच्या नोंदी तपासल्या. आधीचा हिवाळा पावसाळी, वाढीचा हंगाम उबदार आणि तोडणीच्या सुमारास कोरडी हवा, असे जमले तर त्या सालची बोर्दो वाइन पुढे महाग विकली जाते, असे त्यांना आढळले. जाणकार चिडले. पण गंमत अशी की अॅशनफेल्टर यांची मोजपट्टीही पुन्हा भावाचीच होती!

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच होते. तांबड्या वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. मूटाँ आणि ओ-ब्रियाँ मागे पडल्या. एका चाचणीने कायमचा निकाल लागत नाही, हे खरे. पण नाव झाकल्यावर क्रम बदलू शकतो, एवढे तरी तिने दाखवले.

आपल्या शाळांतही वर्षाच्या आरंभी मुलांची ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी प्रतवारी होते. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून आपण ती कधी पुन्हा तपासली आहे का?