घटसर्पाचा उतारा आणि कामकऱ्याची रजा

घटसर्प हा लेकरांचा रोग, असे आपण धरून चालतो. परंतु लहानपणच्या लशीचा जोर वयाबरोबर ओसरतो, आणि थोराला हा रोग गाठला की घरचे मिठाच्या गुळण्या सांगतात. त्यात दोन दिवस जातात.

त्या दोन दिवसांचे मोल इतिहासात पाहावे. १८८४ मध्ये लोफ्लरने या रोगाचा जंतू वेगळा काढला. जंतू घशातच बसतो. मारते ते त्याचे रक्तात उतरणारे विष. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी या विषाचा उतारा जनावराच्या रक्तातच तयार होतो, हे बर्लिनला दाखविले. १८९४ मध्ये पॅरिसला रू यांनी घोड्याचा रक्तरस मुलांना टोचला. शेकडा ५० हून अधिक दगावत, ती २४ च्या आसपास आली.

आपल्याकडे असे रक्तरस पुढे परळच्या हाफकिन संस्थेत होऊ लागले. त्याच परळ-लालबागच्या चाळींत आपल्या जिल्ह्याची माणसे गिरण्यांपायी दाटीने राहिली. साथीचा रोगी आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, नेत. प्लेगात, ऑक्टोबर १८९६ मध्ये, सुमारे हजार गिरणी कामगार या इस्पितळावर चालून गेले होते. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. माणूस जबरीने उचलून नेला की औषधावरचाही विश्वास उडतो.

उतारा रक्तात फिरणारे विष निकामी करतो. हृदयाला, मज्जातंतूंना चिकटलेले त्याच्या हाती लागत नाही. म्हणून तपासणीच्या निकालासाठी डॉक्टर थांबत नाहीत. मात्रा वजनावर नसते. घशातला पडदा किती पसरला आणि दिवस किती लोटले, यावर असते. थोरापोरांना सारखीच: २०,००० एककांपासून, मान फार सुजली असल्यास लाखापर्यंत. घोड्याचा रस कोणाला बाधतो, म्हणून आधी किंचित टोचून पाहतात. पेनिसिलिन जंतू मारते, विष नव्हे. श्वास कोंडल्यास गळ्याला छेद घ्यावा लागतो.

खरा दगा पुढे आहे. घसा निवळतो, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय बिघडते. आवाज नाकात जातो, प्यालेले पाणी नाकातून येते. काही आठवड्यांनी हातपायही लुळे पडतात. हा लुळेपणा बहुधा भरून येतो, हृदयाचे तसे नाही. तेथे अंथरूण सोडू न देणे हाच उपचाराचा मोठा भाग.

आणि अंथरूण म्हणजे रजा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ती मिळाली. आज वर्षाला ९१ दिवस, ७० टक्के वेतनाने. मिरकरवाड्याच्या बोटीवरचा खलाशी बहुधा त्या कायद्यात बसत नाही. घास गिळता आला की तो जाळे ओढायला उभा राहतो.